मुक्तीचे शिल्प आणि कर्तृत्वाचा प्रश्न : वॉशिंग्टनमधील मुक्तजन-स्मारकाचा वाद

१

सार्वजनिक जागेत उभारलेल्या शिल्पाविषयी वाद उद्भवला की तो सामान्यतः दोन पक्षांत विभागला जातो. एका पक्षाच्या मते शिल्प हा इतिहासाचा दस्तऐवज असतो व तो हलवणे म्हणजे इतिहास पुसून टाकणे होय. दुसऱ्या पक्षाच्या मते सार्वजनिक शिल्प हा मुळात गौरव असतो, आणि अवमानकारक प्रतिमेचा गौरव चालू ठेवणे म्हणजे तो अवमान पुन्हापुन्हा करणे होय. हे दोन्ही पक्ष एकमेकांच्या विरोधात उभे असले तरी त्यांच्या मुळाशी बहुधा एक समान गृहीतक असते. ते असे की, शिल्प उभारले गेले त्या काळी ते सर्वांना मान्य होते आणि त्यावरील आक्षेप मागाहून, बदललेल्या काळाच्या संवेदनशीलतेतून निर्माण झाला. प्रस्तुत निबंधात हे गृहीतक एका उदाहरणाच्या आधारे तपासून पाहावयाचे आहे. हे उदाहरण म्हणजे अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील लिंकन पार्कमध्ये १८७६ साली उभारलेले मुक्तजन-स्मारक. हेच स्मारक 'इमॅन्सिपेशन मेमोरियल' म्हणूनही ओळखले जाते.

कांस्यात घडविलेल्या या समूहशिल्पात दोन आकृती आहेत. अब्राहम लिंकन उभे आहेत. त्यांच्या उजव्या हातात गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा असून डावा हात समोरच्या माणसावर पसरलेला आहे. तो माणूस कृष्णवर्णीय आहे. कमरेच्या वस्त्राखेरीज त्याच्या अंगावर काहीही नाही. तुटलेल्या बेड्यांसह तो एका गुडघ्यावर टेकलेला आहे. तो उठू लागला आहे असे शिल्पाचे समर्थक म्हणतात. तो अद्याप गुडघ्यावरच आहे असे टीकाकार म्हणतात. कांस्यातली आकृती पुढची हालचाल करीत नाही, त्यामुळे हा वाद डोळ्यांच्या साक्षीने मिटणारा नाही. तो मिटवण्यासाठी नव्हे, पण समजून घेण्यासाठी शिल्पाच्या निर्मितीचा इतिहास पाहावा लागतो.

२

या स्मारकाची पहिली वर्गणी एका पूर्वाश्रमीच्या गुलाम स्त्रीने दिली. १८६५ च्या एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली. त्या वेळी शार्लट स्कॉट ही मूळची व्हर्जिनियातील स्त्री ओहायो राज्यातील मॅरिएटा येथे राहत होती. स्वतंत्र झाल्यानंतरच्या आपल्या पहिल्या कमाईतील ५ डॉलर तिने लिंकन यांच्या स्मारकासाठी दिले. पुढे मुक्त झालेल्या सामान्य माणसांनी, विशेषतः युनियन सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिकांनी, या निधीत भर घातली. चौथऱ्याचा खर्च अमेरिकन काँग्रेसने उचलला, परंतु मूर्तीचा पैसा मुक्तजनांचा होता. स्मारकावरील पट्टिकेत शार्लट स्कॉटचे नाव व तिची रक्कम यांचा उल्लेख आहे.

वर्गणीदार कृष्णवर्णीय असले तरी निधीची व्यवस्था त्यांच्या हाती राहिली नाही. ती सेंट लुईस येथील वेस्टर्न सॅनिटरी कमिशन या युद्धकालीन मदतकार्य करणाऱ्या संस्थेकडे गेली. संस्थेचे संचालक गोरे होते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी विल्यम ग्रीनलीफ एलियट हे गुलामगिरीचे विरोधक होते (साहित्याच्या अभ्यासकांना त्यांचे नाव कवी टी. एस. एलियट यांचे आजोबा म्हणून परिचित असेल). परंतु स्मारकाचे रूप काय असावे, मुक्तीची कथा कोणत्या आकृतींतून सांगावी, हा निर्णय वर्गणीदारांनी घेतला नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. पैसा एकाचा आणि प्रतिमा दुसऱ्याची अशी ही विभागणी होती. पुढील सर्व वादाचे बीज या विभागणीत आहे.

३

संस्थेपुढे प्रथम एक वेगळा आराखडा होता. रोममध्ये काम करणाऱ्या हॅरिएट हॉस्मर या अमेरिकन शिल्पकार स्त्रीने तो सादर केला होता. त्यात लिंकन यांच्या स्मारकाभोवती कृष्णवर्णीय माणसाच्या चार आकृती योजल्या होत्या. लिलावात विकला जाणारा गुलाम, मळ्यात राबणारा मजूर, युनियन सैन्याला साहाय्य करणारा माणूस आणि अखेरीस स्वतः सैनिक झालेला माणूस असा त्यांचा क्रम होता. या क्रमात कृष्णवर्णीय माणसाला स्वतःचा इतिहास मिळतो आणि त्या इतिहासाच्या शेवटी तो हातात शस्त्र घेऊन उभा राहतो. हा आराखडा फार खर्चाचा ठरला व मागे पडला.

त्याच्या जागी टॉमस बॉल यांची लहान रचना निवडण्यात आली. बॉल हे मूळचे बोस्टनचे असून फ्लॉरेन्समध्ये राहत. लिंकन यांच्या हत्येची वार्ता कळताच त्यांनी हे शिल्प योजले होते. गुडघे टेकलेल्या आकृतीसाठी त्यांनी आरशाच्या साहाय्याने स्वतःच्याच देहाचा नमुना वापरला होता. म्हणजे या शिल्पातील पहिला 'गुलाम' एका गोऱ्या कलावंताच्या देहावरून घडला. त्या रचनेला पूर्वपरंपराही होती. १७८७ साली इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड यांच्या कारखान्यात गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी एक पदक तयार करण्यात आले. त्यावर बेड्यांत जखडलेला, गुडघे टेकून हात जोडणारा माणूस होता. सहानुभूती जागवण्यासाठी निर्माण झालेली ही प्रतिमा अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर रूढ झाली. गुलामाचे दुःख सांगण्याची ती एक ठरीव भाषाच होऊन बसली. याचना संपल्यावरही भाषा मात्र याचनेचीच उरली.

संस्थेने बॉल यांना एक बदल सुचवला. गुलामाची आकृती काल्पनिक न ठेवता तिला खऱ्या माणसाचा चेहरा द्यावा, असा तो बदल होता. त्यासाठी आर्चर अलेक्झांडर यांची छायाचित्रे फ्लॉरेन्सला पाठवण्यात आली. अलेक्झांडर हे मिझुरी राज्यातील गुलाम होते. दक्षिणेच्या पक्षपात्यांनी एका पुलाचे वासे कापून ठेवल्याची खबर त्यांनी युनियनच्या बाजूला पोचवली आणि १८६३ मध्ये जीव धोक्यात घालून पळ काढला. पुढे त्यांना एलियट यांच्या घरी आश्रय मिळाला. एलियट यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १८८५ साली प्रसिद्ध झाले.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा संघराज्याविरुद्ध बंड केलेल्या प्रदेशांपुरता होता. मिझुरी हे गुलामगिरी असलेले, पण संघराज्यातच राहिलेले राज्य होते, त्यामुळे तो जाहीरनामा तेथे लागू नव्हता. लिंकन यांच्या उजव्या हातातील कागदाने त्यांच्या समोर वाकलेल्या माणसाला मुक्त केलेच नव्हते. तो माणूस आपल्या पायांनी मुक्त झाला होता. शिल्पाने चेहरा त्याचा घेतला आणि चरित्र मात्र वगळले. 'मुक्त केला गेला' आणि 'मुक्त झाला' या दोन क्रियापदांमध्ये जो फरक आहे, तोच हॉस्मर यांच्या चौथ्या आकृतीत आणि बॉल यांच्या एकमेव आकृतीत आहे.

या काळात दुसरी प्रतिमा कल्पनेच्या आवाक्यातच नव्हती, असे म्हणता येत नाही. कृष्णवर्णीय व मूळनिवासी अशा दोन्ही वंशांचा वारसा असलेल्या एडमोनिया ल्यूइस या शिल्पकार स्त्रीने १८६७ सालीच रोममध्ये 'फॉरएव्हर फ्री' हे संगमरवरी शिल्प घडवले होते. त्यात कृष्णवर्णीय पुरुष ताठ उभा असून तुटलेली साखळी असलेला हात त्याने उंच धरला आहे. मुक्तिदाता त्या शिल्पात नाही. अर्थात त्यातील स्त्री मात्र गुडघ्यावरच आहे, हेही विसरता येत नाही.

४

स्मारकाचे अनावरण १४ एप्रिल १८७६ रोजी, लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्या घटनेच्या अकराव्या स्मृतिदिनी झाले. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट उपस्थित होते. मुख्य वक्ते फ्रेडरिक डग्लस होते. डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले. आत्मचरित्रकार, संपादक आणि वक्ते म्हणून त्यांची ख्याती होती. छायाचित्र या नव्या कलेवर त्यांनी व्याख्याने दिली होती. आपली प्रतिमा कशी दिसावी याविषयी ते अत्यंत सावध असत. अशा माणसाला त्या दिवशी गुडघ्यावरच्या आकृतीशेजारी उभे राहून गौरवपर भाषण करावयाचे होते.

डग्लस यांनी ते केले, पण गौरवाच्या चौकटीत राहून तिचा अर्थ बदलून टाकला. लिंकन हे प्रथमतः गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते, गोरे श्रोते त्यांची औरस अपत्ये असून कृष्णवर्णीय फार तर सावत्र, असे त्यांनी ग्रँट यांच्या समक्ष सांगितले. गुलामगिरीच्या निखळ विरोधकाच्या दृष्टीने पाहिले तर लिंकन मंद आणि थंड भासतात, परंतु देशाच्या जनमताच्या मापाने मोजले तर तेच वेगवान आणि निश्चयी ठरतात, असा तोल त्यांनी साधला. हे भाषण म्हणजे शिल्पावरील पहिले भाष्य आहे, आणि ते शिल्पाला विरोध करते. शिल्पात कृष्णवर्णीय माणूस मुका व खाली आहे. अनावरणाच्या प्रसंगी तो उभा राहून लिंकन यांचे मूल्यमापन करीत आहे. कृतज्ञतेचा अधिकार त्याने नाकारला नाही, पण त्याबरोबर न्यायनिवाड्याचाही अधिकार मागून घेतला.

प्रकरण येथेच संपले नाही. अनावरणानंतर पाच दिवसांनी वॉशिंग्टनच्या 'नॅशनल रिपब्लिकन' या वृत्तपत्रात डग्लस यांचे पत्र प्रसिद्ध झाले. शिल्प प्रशंसनीय असले तरी ते संपूर्ण सत्य सांगत नाही, आणि कोणत्याही एका स्मारकाला कोणत्याही विषयाचे संपूर्ण सत्य सांगता येईल असेही नाही, असे त्यांनी त्यात म्हटले होते. कृष्णवर्णीय माणूस उठू लागला असला तरी तो अजून गुडघ्यावर आणि नग्न आहे. मरण्यापूर्वी तो चतुष्पाद प्राण्यासारखा वाकलेला नव्हे, तर माणसासारखा आपल्या पायांवर उभा असलेला पाहावा, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. लिंकन पार्कमध्ये आणखी एका स्मारकाला जागा आहे, असेही सुचवले. हे पत्र दीर्घकाळ विस्मृतीत गेले होते. २०२० साली वाद पुन्हा पेटला तेव्हा स्कॉट सँडेज व जोनाथन व्हाइट या इतिहासकारांनी ते पुन्हा उजेडात आणले.

निबंधाच्या आरंभी उल्लेखिलेले गृहीतक या पत्रापुढे टिकत नाही. आक्षेप मागाहून आला नाही. शिल्प अनावृत झाले त्याच आठवड्यात, त्याच्या अनावरणाच्या वक्त्यानेच तो नोंदवला. काळाच्या ओघात बदलली ती संवेदनशीलता नव्हे. तो आक्षेप किती दूरवर ऐकू जावा, एवढेच काय ते बदलले.

५

या स्मारकाच्या अनावरणाच्या तीन वर्षे आधी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी अमेरिकेतील सदाचारी जनतेला अर्पण केला होता. गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्या लोकांनी दाखवलेले औदार्य व निरपेक्ष वृत्ती यांचा त्यात गौरव आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणांच्या दास्यातून मुक्त करण्यासाठी तो कित्ता गिरवावा, अशी आशा आहे. वॉशिंग्टन आणि पुणे यांमधील हा दुवा अर्पणपत्रिकेइतकाच आहे, त्यापलीकडे तो ताणण्याचे कारण नाही. परंतु तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे.

केवळ अर्पणपत्रिका वाचली तर तिची रचना बॉल यांच्या शिल्पासारखी वाटते. मुक्त करणारे उदार लोक कर्त्याच्या जागी आहेत आणि गुलाम कर्माच्या जागी. मात्र पान उलटताच दृश्य बदलते. ग्रंथ जोतीबा आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात आहे. प्रश्न विचारणारा शूद्र आहे, उत्तर देणाराही शूद्र आहे. अवतारकथांची उलटतपासणी ते दोघे करतात व त्यांसाठी कोणा उद्धारकाची वाट पाहत नाहीत. डग्लस यांनी शिल्पाशेजारी भाषण करून जे साधले, ते फुले यांनी अर्पणपत्रिकेशेजारी संवाद मांडून साधले. आभार मानावयाचे, पण आपले विवेचन आपणच करावयाचे, ही ती रीत होय.

मराठीतील सुधारणेच्या परिभाषेकडे या दृष्टीने पाहिले तर 'उद्धार' हा शब्द लक्ष वेधून घेतो. त्याचा मूळ अर्थ वर उचलणे, म्हणजे उचलणारा वर आणि उचलला जाणारा खाली, हे चित्र शब्दाच्या पोटातच आहे. 'अस्पृश्योद्धार' हा शब्द एके काळी सद्भावनेनेच वापरला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नियतकालिकांची नावे मात्र निराळी वाट दाखवतात. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) हा क्रम मुकेपणाकडून प्रबोधनाकडे जातो आणि त्यात उचलणारा हात कोठेही नाही. हॉस्मर यांच्या न घडलेल्या चार आकृतींची येथे आठवण होते.

६

वॉशिंग्टनमधील शिल्पाची प्रतिकृती १८७९ साली बोस्टनमध्ये उभी राहिली. दोन्ही शहरांनी पुढे या एकाच प्रतिमेला निरनिराळी उत्तरे दिली.

वॉशिंग्टनने प्रथम भर घालण्याचा मार्ग स्वीकारला. १९७४ साली लिंकन पार्कमध्येच मेरी मॅक्लाउड बेथ्यून या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ स्त्रीचे रॉबर्ट बर्क्स यांनी घडवलेले स्मारक उभारण्यात आले. त्यासाठी पुढाकार नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेने घेतला होता. लिंकन यांचे शिल्प तोवर काँग्रेसच्या इमारतीकडे तोंड करून होते. ते फिरवून बेथ्यून यांच्याकडे वळवण्यात आले. डग्लस यांनी सुचवलेले दुसरे स्मारक असे ९८ वर्षांनी आले. १९९८ साली याच शहरात यादवी युद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांचे एड हॅमिल्टनकृत स्मारक झाले. तेथील भिंतींवर २,०९,१४५ नावे आहेत. हॉस्मर यांचा सैनिक अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाऐवजी विसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला.

बोस्टनने हलवण्याचा मार्ग स्वीकारला. २०२० च्या उन्हाळ्यात एका स्थानिक कृष्णवर्णीय कलावंताने केलेल्या अर्जाला हजारो लोकांनी पाठिंबा दिला. ३० जून रोजी शहराच्या कला आयोगाने एकमताने निर्णय घेतला आणि २९ डिसेंबर २०२० रोजी प्रतिकृती हलवण्यात आली. वॉशिंग्टनमध्येही त्या वर्षी निदर्शने झाली व शिल्प संग्रहालयात नेण्यासाठी विधेयक मांडले गेले. परंतु तेथे काही कृष्णवर्णीय नागरिकच शिल्पाच्या रक्षणार्थ पुढे आले. हा आमच्या पूर्वजांच्या कष्टाचा पैसा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ शिल्प जागेवरच राहिले. वर्गणी आणि प्रतिमा यांच्यात १८६५ नंतर पडलेली फूट दीडशे वर्षांनी एकाच समाजाच्या दोन बाजूंच्या रूपाने समोर आली. एक बाजू वर्गणीकडे पाहत होती, तर दुसरी प्रतिमेकडे.

समावेशनाचा उपाय मात्र नेहमीच सोपा नसतो, हे न्यूयॉर्कमधील एका प्रसंगावरून दिसते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीन अग्निशामक जवान ढिगाऱ्यावर ध्वज उभारीत असल्याचे टॉमस फ्रँकलिन यांनी टिपलेले छायाचित्र जगभर पोचले. तिघेही गोरे होते. त्यावर आधारित शिल्प योजताना एक गोरा, एक कृष्णवर्णीय व एक हिस्पॅनिक अशा आकृती कल्पिल्या गेल्या. त्या दिवशी प्राण गमावलेल्या ३४३ अग्निशामकांत सर्व वंशांचे लोक होते, हे त्यामागील कारण होते. घडलेल्या क्षणाशी ही फारकत आहे, असा विरोध झाला आणि जानेवारी २००२ मध्ये योजना सोडून देण्यात आली. येथे दोन्ही पक्षांनी शिल्पातील चेहऱ्यांवर लक्ष केंद्रित केले. दलात प्रत्यक्ष कोणाला प्रवेश मिळतो हा प्रश्न मात्र निराळ्या वाटेने पुढे आला. २००९ साली संघीय न्यायालयाने दलाच्या प्रवेशपरीक्षा कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक उमेदवारांच्या दृष्टीने भेदभावकारक ठरवल्या, आणि २०१४ साली शहराने सुमारे ९.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. कांस्यातील समावेशन आणि वेतनपटावरील समावेशन यांतील अंतर यातून स्पष्ट होते.

७

या विवेचनातून दोन गोष्टी हाती येतात. पहिली पद्धतीविषयीची आहे. शिल्पाची संहिता केवळ दृश्य आकृतींची नसते. वर्गणीची यादी, समितीची रचना, नाकारलेला आराखडा, पाठवलेली छायाचित्रे, अनावरणाचे भाषण आणि वृत्तपत्रात हरवलेले पत्र हे सर्व तिचे भाग होत. साहित्याच्या अभ्यासकाला पाठभेद वगळून संहिता सिद्ध करता येत नाही, तसेच हे आहे. ज्या काळाचा दाखला देऊन एखाद्या प्रतिमेचे समर्थन केले जाते, त्या काळातच तिला पर्याय होते काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. मुक्तजन-स्मारकाच्या बाबतीत त्याचे उत्तर होकारार्थी आहे.

दुसरी गोष्ट समावेशनाच्या अर्थाविषयीची आहे. या स्मारकात कृष्णवर्णीय माणूस वगळला गेला नव्हता. तो शिल्पात होता, पट्टिकेवर होता, वर्गणीत होता. नव्हता तो फक्त निर्णयात. म्हणून प्रतिमेत कोण आहे एवढे मोजून वाद सुटत नाही. प्रतिमेच्या वाक्यात कर्ता कोण, आणि ते वाक्य रचणारे कोण, हे पाहावे लागते. शिल्प ठेवावे की हलवावे याविषयी वॉशिंग्टन व बोस्टन यांनी घेतलेले निर्णय परस्परविरोधी दिसतात. तरी १९७४ आणि २०२० या दोन्ही वेळी १८७६ पेक्षा एक गोष्ट वेगळी होती. ज्यांची प्रतिमा होती त्यांचा शब्द या वेळी निर्णयापर्यंत पोचला. शार्लट स्कॉटच्या पाच डॉलरांबरोबर तिचे मत कोणी मागितले असते, तर लिंकन पार्कमधील दुसरी आकृती कोणत्या स्थितीत घडली असती, हे आज सांगता येत नाही. परंतु तो प्रश्न विचारल्याशिवाय त्या शिल्पाचे वाचन पूर्ण होत नाही.